ग्रीक बेटांवर गाडी भाड्यानं घ्यावी का? आधी मुक्काम ठरवा, मग गाडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाच जण निघताय. तुम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सँटोरिनीला तीन रात्री, नॅक्सॉसला तीन आणि क्रीटला पाच. सासूबाईंचे गुडघे दुखतात. तुमचे यजमान वीस वर्षं मुंबई, पुणे, कोकण सगळीकडे गाडी चालवतात, पण परदेशात कधी चालवलेली नाही. अकराही दिवस गाडी हाताशी ठेवावी, की बस-टॅक्सीवर भागेल?

मी बारा-तेरा वर्षं मराठी कुटुंबांच्या ग्रीस सहली आखते आणि तिथं स्वतः गाडी चालवते, म्हणून आधी सरळ उत्तर देते. सँटोरिनीला गाडी घेऊ नका. नॅक्सॉसला एका दिवसापुरती घ्या. क्रीटला मात्र घ्याच, तीही उतरल्याबरोबर बंदरावरच. का ते आता सविस्तर सांगते, कारण तुमच्या बेतात एखादा मुक्काम बदलला तर उत्तरही बदलेल.

गाडीचा निर्णय खरं तर मुक्कामाचा निर्णय असतो. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक आधी फोटो बघून हॉटेल घेतात आणि मग गाडीचं विचारतात. तोवर अर्धा प्रश्न हातातून गेलेला असतो. मी एका कागदावर तारखा मांडते, प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी कुठं जायचं ते लिहिते आणि एवढंच बघते की त्या दिवशी गाडी हलणार आहे का. गाडी दिवसभर हॉटेलखाली उभी राहणार असेल तर तिचं भाडं भरायचं, वर रोज संध्याकाळी पार्किंग शोधायचं, यात काही अर्थ नाही.

सँटोरिनीचं बघा. सगळं बेट ७६ चौरस किलोमीटरचं. मुख्य गाव फिरा आणि टोकाचं इया यांत जेमतेम ११ किलोमीटरचं अंतर. बेटावरच्या जवळपास सगळ्या बस फिराच्या स्टँडवरून सुटतात, तिकीट बसमध्येच कंडक्टर देतो, सुटे पैसे जवळ ठेवायचे. अडचण एकच: पेरिसाहून इयाला जायचं तर फिराला बस बदलावी लागते, म्हणजे प्रत्येकी दोन तिकिटं. पाच माणसांची जाण्या-येण्याची मिळून वीस होतात. दोघांसाठी बस स्वस्तच, पाच जणांचा हिशेब मात्र एका दिवसाच्या गाडीभाड्याच्या आसपास जातो. हे मी लपवत नाही. तरीही इथं गाडी नको म्हणते, कारण त्रास पैशांचा नाही, गाडी ठेवायला जागा मिळण्याचा आहे. इयाला सूर्यास्ताच्या वेळी गावाबाहेरच्या रस्त्याकडेला गाड्यांची रांग लागते, आणि तिथून तुम्ही सासूबाईंना चढावानं चालवत नेणार. ज्यांच्यासाठी गाडी घेतली त्यांनाच जास्त चालावं लागतं.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. कड्यावरची ती पांढरी हॉटेलं, ज्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील, त्यांच्या दारापर्यंत चाक जातच नाही. गाडी वरच्या रस्त्यावर थांबते, हमाल बॅगा उचलतो आणि आपण पायऱ्या उतरतो. कधी तीस, कधी शंभरावर. प्रत्येक जेवणासाठी त्याच चढायच्या. गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर मी कड्यावरचा मुक्काम सुचवतच नाही. कामारीला रहा. सपाट गाव, समुद्राला लागून चालायचा सरळ रस्ता, फिराला थेट बस. किंवा फिराच्या मागच्या अंगाला करतेरादोस. हॉटेलला ईमेलनं एवढंच विचारा, ‘गाडी थांबते तिथून खोलीच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत?’ उत्तरात आकडा मागा. ‘थोड्याच आहेत’ यावर विसंबू नका.

अथिनिओस बंदरावर मात्र बसची वाट बघत बसू नका. बोट लागते तेव्हा शेकडो माणसं एकदम उतरतात, आणि बंदरातून वर येणारा रस्ता कड्यावर कातरलेला नागमोडी घाट आहे. पाच माणसं आणि बॅगा मावतील अशी व्हॅन हॉटेलमार्फत आधी ठरवून ठेवा. इयाला सकाळी लवकर जा. सूर्यास्त तिथंच बघायचा मुलाचा हट्ट असेल तर परतीची व्हॅनही आधीच ठरवा, कारण सूर्य बुडाला की अख्खी गर्दी एकाच वेळी बसथांब्यावर येते. बेटावर टॅक्सी मोजक्याच आहेत, हात केला आणि थांबली असं होत नाही. एक दिवस अक्रोतिरीसाठी ठेवा. साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं गाव तिथं छताखाली बघायला मिळतं. ऊन लागत नाही, आणि फिराहून थेट बस आहे.

नॅक्सॉसला चोरा या बंदराच्या गावात किंवा आगिओस प्रोकोपिओसच्या किनाऱ्यावर उतरा. किनाऱ्यांना जोडणाऱ्या बस भरपूर आहेत. डोंगरातली गावं मात्र बसनं पदरात पडत नाहीत: फेऱ्या कमी, आणि एका गावात उतरलं की पुढची बस कधी ते घड्याळ बघत बसायचं. म्हणून मधल्या दिवशी सकाळी गाडी घ्या, संध्याकाळी परत करा. सांग्रीजवळचं दिमितर या ग्रीक देवीचं संगमरवरी देऊळ, मग हाल्की, फिलोती, आपेरांथोस, आणि जमलंच तर उत्तरेला अपोलोनास. तिथल्या जुन्या संगमरवराच्या खाणीत सुमारे साडेदहा मीटर लांबीची एक अपुरी मूर्ती आडवी पडली आहे. घडवता घडवता सोडून दिलेली, अजून दगडातच. मुलगा तिच्याशेजारी उभा राहिला की त्याला आकार कळेल. सगळा फेरा शंभर किलोमीटरच्या आसपास होतो, पण वळणं इतकी की दिवस पुरतो. तुम्ही शाकाहारी असल्याचं लिहिलंय, तर एक सांगून ठेवते: नॅक्सॉसचा बटाटा ग्रीसभर नावाजलेला आहे आणि ग्राव्हिएरा नावाचं तिथलं चीजही. डोंगरातल्या साध्या खाणावळीत तुमचं जेवण छान होईल.

आता क्रीट. तुमच्या प्रश्नाचा खरा भाग इथं आहे.

क्रीट हे सँटोरिनीचं मोठं भावंड समजू नका, तो एक छोटा देशच आहे. पूर्व-पश्चिम लांबी २६० किलोमीटर, मधोमध डोंगरांची रांग, आणि त्यांतले दोन डोंगर २,४०० मीटरच्याही वर. उत्तर किनाऱ्यानं एक मुख्य रस्ता जातो, त्यावर हेराक्लिओन, रेथिम्नो आणि हानिया ही शहरं आहेत आणि त्यांच्यात बसची सोय उत्तम आहे. पण लोक ज्यासाठी क्रीटला जातात ते या रस्त्यावर नाही. ते डोंगरापलीकडे दक्षिणेला किंवा पश्चिम टोकाला आहे.

तुम्ही मुक्काम हानियाला घेतलाय, छान केलंत. पण नॅक्सॉसहून येणारी बोट हानियाला लागत नाही, हेराक्लिओनला लागते. तिथून हानिया १४० किलोमीटर, न थांबता अडीच तास. म्हणून गाडी हेराक्लिओन बंदरावर घ्या आणि शेवटच्या दिवशी हानियाच्या विमानतळावर सोडा. एका बेटातल्या बेटात गाडी दुसरीकडे सोडायला बऱ्याच कंपन्या फारसे जादा पैसे घेत नाहीत, काही तर अजिबात घेत नाहीत. बुक करतानाच विचारा. बंदरापासून क्नोसॉस या प्राचीन राजवाड्याचे अवशेष पाच किलोमीटरवर आहेत, ते बघा, रेथिम्नोला जेवा आणि उजेड असतानाच हानिया गाठा. बोट संध्याकाळी उशिराची मिळाली तर मात्र हा बेत सोडा. त्या रात्री हेराक्लिओनलाच रहा आणि गाडी सकाळी घ्या. परक्या बाजूनं पहिल्यांदा चालवायचं आणि तेही अंधारात, हे मी कुणालाच करू देत नाही.

हानियाचं जुनं बंदर व्हेनिसच्या काळातलं, गल्ल्या दगडी आणि अरुंद, गाडी आत जात नाही. म्हणून हॉटेल जुन्या गावाच्या कडेला घ्या, गाडी थांबते तिथून दोन-तीन मिनिटांवर. ते जमलं नाही तर नेया होरा हा समुद्रालगतचा सपाट भाग चांगला. तिथून बंदरापर्यंत फिरत फिरत जाता येतं.

पाचातले तीन दिवस गाडी पुरेपूर वापराल. एक दिवस एलाफोनिसीच्या किनाऱ्यावर: ७५ किलोमीटर, दीड-पावणेदोन तास. वाटेत तोपोलियाच्या घळीत एकपदरी बोगदा आहे, सिग्नल हिरवा झाला की या बाजूच्या गाड्या जातात. सकाळी आठच्या आत निघा. तिथलं पाणी लांबवर घोट्याइतकंच आहे, सासू-सासऱ्यांना आणि मुलाला सारखंच आवडेल. दुसरा दिवस दक्षिणेला होरा स्फाकिओनकडे. तिथं उतरणारा रस्ता आपल्या आंबेनळी घाटाची आठवण करून देतो, फक्त झाडी नाही आणि खाली थेट समुद्र. त्या भागातल्या पाट्यांवर बंदुकीच्या गोळ्यांची भोकं दिसतील. स्फाकियाच्या लोकांची ती जुनी खोड आहे, घाबरू नका. तिसरा दिवस हानियाच्या पूर्वेकडच्या अपोकोरोनास भागातल्या गावांचा, निवांत.

समारिया घळ उतरायचा यजमानांचा विचार असेल तर त्या दिवशी गाडी न्यायची नाही. वर ओमालोसला सुरुवात होते, १६ किलोमीटर चालून खाली आगिया रूमेली येतं, आणि त्या गावाला गाडीरस्ताच नाही. तिथून बोटीनं सूगिया किंवा होरा स्फाकिओनला जायचं आणि बसनं हानियाला परत. गाडी वर ओमालोसला ठेवलीत तर ती आणायला पुन्हा डोंगर चढावा लागेल. सकाळच्या बसनं जा.

बालोस या किनाऱ्याचा फोटो बघून तिथंही जावंसं वाटेल. शेवटचे आठेक किलोमीटर कच्चा, धारदार खडीचा रस्ता आहे आणि बहुतेक कंपन्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर विमा लागू नसतो. गाडी थांबते तिथून किनाऱ्यापर्यंत लांब उतार, आणि परत येताना तोच चढ. सासूबाईंना ते जमणार नाही. किसामोसहून बोट जाते, तिनं जा.

हे मी भोगलेलं आहे. पहिल्याच वर्षी मी बालोसच्या रस्त्यावर छोटी गाडी घातली. परत येताना डाव्या मागच्या टायरची बाजूची भिंत खडीनं चिरली, बोटभर फट. किल्ली देताना काउंटरवर ‘फुल इन्शुरन्स’ असं सांगितलं होतं. करारात बारीक अक्षरात लिहिलं होतं की टायर, रिम, गाडीचा तळ, काचा आणि आरसे विम्यात नाहीत. अख्ख्या टायरचे आणि गाडी ओढून आणण्याचे पैसे मी भरले. तेव्हापासून ‘फुल’ या शब्दाला मी काही किंमत देत नाही. चार गोष्टी नाव घेऊन विचारते: टायर, तळ, काचा, आरसे. त्या धरल्या आहेत का, अपघात झाला तर माझ्या खिशातून पहिली किती रक्कम जाईल, आणि हे लेखी द्याल का? क्रीटमधल्या कितीतरी स्थानिक कंपन्या हे सगळं धरून एकच भाडं सांगतात, डिपॉझिटही अडकवत नाहीत. दिवसाला पाच-सात युरो जास्त पडले तरी तुम्ही तेच घ्या. गाडी एका बेटावरून बोटीत घालून दुसऱ्या बेटावर नेण्याचा विचार करूच नका. बहुतेक करारांत परवानगीशिवाय ते चालत नाही, आणि बोटीचं गाडीभाडं दोन्ही बेटांवर वेगवेगळी गाडी घेण्यापेक्षा जास्त होतं.

आता कागद. भारतीय लायसन्सवर ग्रीसमध्ये चालवायचं तर आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, लागतोच. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या लायसन्सधारकांना २०२१ पासून यातून सूट आहे, त्यामुळे अमेरिकेतला भाचा ‘आम्हाला कुणी विचारलं नाही’ म्हणेल. त्याचं खरं आहे, पण ते तुम्हाला लागू नाही. काही छोटे दुकानदार न विचारता किल्ली देतातही. पण परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा हात वर करतो, हे लक्षात ठेवा. आयडीपी तुमच्या आरटीओतून मिळतो, अर्ज परिवहनच्या साइटवर करता येतो, मुदत एक वर्षाची. तो इथूनच काढून न्यायचा, आणि मूळ लायसन्सही बरोबर ठेवायचं. दुसरं म्हणजे क्रेडिट कार्ड. ते जो चालवणार त्याच्याच नावाचं हवं. डेबिट कार्ड पुष्कळ ठिकाणी घेत नाहीत. आपल्या कार्डांवर परदेशातला वापर बंद असतो, तो बँकेच्या ॲपमधून चालू करा आणि मर्यादा वाढवून ठेवा. या एका गोष्टीसाठी काउंटरवर अडकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

गाडीचा आकार: पाच माणसं आणि पाच बॅगा सगळ्यात स्वस्त वर्गाच्या गाडीत मावत नाहीत, वेबसाइटवर पाच सीटचं चित्र असलं तरी. आपली डस्टर तिथं डाचिया नावानं सर्रास मिळते, ती तुम्हाला बरोबर आहे. त्याहून मोठी नको, गावांतल्या गल्ल्या अरुंद असतात. ऑटोमॅटिक मागा. महाग पडते आणि गाड्या कमी असतात, म्हणून आत्ताच बुक करा. वीस वर्षं डाव्या हातानं गिअर टाकलेल्या माणसाला उजव्या हातानं टाकायला लावून, वर उजव्या बाजूनं चालवायला लावणं, हे पहिल्या प्रवासात नको. गाडी घेताना चारही बाजू, टायर, छत आणि पेट्रोलचा काटा यांचा व्हिडिओ काढा. पेट्रोल की डिझेल ते झाकणावर बघून घ्या. पंपावर आपल्यासारखाच माणूस भरून देतो, पेट्रोलला ‘अमोलिव्दी’ म्हणतात. डोंगरात पंप कमी, रविवारी काही बंद, म्हणून अर्ध्यावर आलं की भरा.

स्कूटर आणि चारचाकी क्वाड यांबद्दल एकदाच आणि स्पष्ट सांगते: घेऊ नका. गोव्याला स्कूटर घेतो तसं ते वाटतं, म्हणूनच आपली माणसं फसतात. बेटांवरचं डांबर घासून गुळगुळीत झालेलं असतं, त्यावर वाळू असते, आणि उन्हाळ्यात मेल्तेमी वारा सुटला की वळणावर अंगावर येतो. क्वाड स्थिर दिसतो पण वळणावर उलटतो. मुलाला पुढ्यात बसवून तर कधीच नाही.

चालवण्याचं थोडं सांगते. पहिल्या दिवशी वळायच्या आधी इंडिकेटर द्यायला जाल आणि कोरड्या काचेवर वायपर खरडायला लागेल, कारण आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो आणि तिथं डाव्या. निघण्यापूर्वी बंदराच्या पार्किंगमध्येच दहा मिनिटं दांड्या, आरसे आणि रिव्हर्स यांची सवय करून घ्या. गर्दीत चूक होत नाही, पुढची गाडी दिसत असते. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर. पंपावरून किंवा खाणावळीतून बाहेर पडताना समोर कुणीच नसतं आणि हात आपसूक डाव्या बाजूला वळतो. यावर मी सगळ्यांना एकच वाक्य पाठ करायला सांगते: चालवणारा रस्त्याच्या मधल्या रेषेजवळ, शेजारचा कडेला. ते भारतातही खरं आहे आणि ग्रीसमध्येही. शेजारी बसलेल्यानं प्रत्येक वेळी बाहेर पडताना ते मोठ्यानं म्हणायचं. गाडीचं अंग आता उजवीकडे असतं, त्याचा अंदाज यायला दिवस जातो, तोवर उजवा आरसा भिंतींना आणि उभ्या गाड्यांना घासतो. तिकडेही शेजारच्यानंच लक्ष द्यायचं.

क्रीटच्या उत्तर रस्त्यावर एक स्थानिक रीत आहे. हळू जाणारी गाडी उजवीकडच्या पट्ट्यावर अर्धी सरकते आणि मागचा पुढे निघून जातो. मागून कुणी चिकटला तर घाबरून वेग वाढवू नका. पट्टा मोकळा दिसत असेल तरच थोडं सरका. पुढे वळण, पूल किंवा थांबलेली गाडी असेल तर सरकू नका, तो थांबेल. रस्त्याकडेला खांबावर ठेवलेली छोटी देवळं दिसतील, आत दिवा आणि तसबीर. बऱ्याचदा ती कुणाचा तरी अपघात झाला तिथं घरच्यांनी उभारलेली असतात. एखाद्या वळणावर दोन-तीन एकत्र दिसली की मी पाय आपोआप ब्रेककडे नेते.

शेवटी एक विचारते. तुम्ही स्वतः गाडी चालवता का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. चालवत असाल तर आयडीपी दोघांचेही काढा आणि बुक करतानाच दुसरी चालक म्हणून तुमचं नाव घाला. हा सल्ला मी आवर्जून देते. घाटात जो चालवतो त्याला समुद्र दिसत नाही, त्याला फक्त पुढचं वळण दिसतं. क्रीटमध्ये जेवण झालं की मालक न मागता छोट्या सुरईत राकी, म्हणजे तिथली कडक दारू, आणून ठेवतो, नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटतं, आणि ज्याला पुढं चालवायचंय त्यानं तिला हात लावायचा नाही. स्फाकियाला जाताना यजमानांनी चालवावं, येताना तुम्ही, म्हणजे पाचही जणांना तो रस्ता बघायला मिळेल.